दादासाहेबांनी मला खाली ठेवलं तेव्हा

नमस्कार मंडळी! मी फ्रिज. कॅनडातल्या रेजिना शहरात, एका घराच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनशेजारी माझा मुक्काम. हसू नका! तुमच्यापैकी किती जण टीव्हीवर झळकलेत? मी झळकलोय. तेही एका माणसाच्या पाठीवर बसून!

१९८१चा ऑगस्ट. टीव्हीवर ताकदवान माणसांच्या स्पर्धा दाखवायला तेव्हा नुकती कुठे सुरुवात झाली होती. नियम कुणालाच धड ठाऊक नव्हते. कुणी ट्रक ओढायचा, कुणी लोखंडी कांब वाकवायचा. इथल्या एका लोकल चॅनेलवाल्यांच्या डोक्यात आलं, फ्रिज पाठीवर बांधून शर्यत लावू. झालं! आम्हा चार कोऱ्या करकरीत भावांना मैदानात आणलं, पोटात वाळूची पोती भरली आणि पट्टे बांधले.

उचलणारे चौघं. एक गव्हाचा शेतकरी, एक फायरमन, एक आइस हॉकीवाला. चौथे आमचे दादासाहेब. मूळचे मिरजेचे, वय छत्तीस, सरकारी खात्यात इंजिनिअर, रोज दोनशे जोर मारणारे. ऑफिसातल्या मित्रांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, म्हणून नाव दिलेलं.

जिंकणाऱ्याला टोरांटोच्या मोठ्या स्पर्धेत जायला मिळणार होतं. शिवाय जो रेषेपलीकडे पोचेल, त्याचा फ्रिज त्याला बक्षीस. दादासाहेबांच्या घरचा फ्रिज जूनमध्येच बंद पडला होता. त्यांच्या बायकोला, उल्काताईंना, आठवा महिना लागलेला आणि उन्हाळ्यात दूध रोज नासत होतं.

शिट्टी वाजली. खोटं नाही सांगत, दादासाहेब सगळ्यांच्या पुढे होते, चांगली पाच पावलं! रेषा त्यांनीच पहिली ओलांडली. पण घड्याळ थांबायचं ते फ्रिज जमिनीला टेकून माणूस सरळ उभा राहिल्यावर. बाकीच्यांनी रेषा ओलांडली आणि पट्टे सोडले. धाडकन! धाडकन! माझे तिन्ही भाऊ उताणे. आणि आमचे दादासाहेब? गुडघे वाकवून मला इंचइंच खाली उतरवतायत. वर मलाच म्हणतायत, "सावकाश रे बाबा, सावकाश." लोक बोंबलतायत, "ड्रॉप इट! ड्रॉप इट!" हे ऐकतील तर शपथ! मी टेकलो तोवर तिघांचे हात वर झाले होते.

चौथा नंबर. चौघांत.

माझे भाऊ नंतर कधी चालू झालेच नाहीत. मी मात्र त्याच संध्याकाळी उल्काताईंच्या किचनमध्ये दूध गार करत होतो. त्यांनी विचारलं, "कितवे आलात हो?"

"दुसरा," दादासाहेब म्हणाले. "थोडक्यात हुकलं."

मी ऐकलं. पण सांगणार कसा? कार्यक्रम टीव्हीवर लागला त्या दिवशी उल्काताई हॉस्पिटलमध्ये होत्या, नंदनचा जन्म झाला. नंतर तो कार्यक्रम पुन्हा कधी दाखवलाच नाही. दुसरा नंबर मात्र दरवर्षी गाजत राहिला. महाराष्ट्र मंडळात नवीन कुणी आलं की उल्काताईच सुरू व्हायच्या, "आमचे हे काय साधेसुधे आहेत का?" दादासाहेब लगेच कोट शोधायला उठायचे.

वीस वर्षं किचनमध्ये काढून मी बेसमेंटमध्ये आलो. आइस्क्रीमच्या डब्यांत वाटण, खोवलेला नारळ, गणपतीतला चक्का, सगळं सांभाळलं. माणसं माझं दार उघडून नुसती बघत उभी राहतात, काय हवंय तेच विसरतात. तेही सहन केलं.

यंदा दादासाहेबांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. नंदनची मुलगी ईशिता व्हँकुव्हरहून आली ती आनंदाने नाचतच. एका रिटायर्ड कॅमेरामनने जुनी टेप ऑनलाइन टाकली होती, ती तिला सापडली होती. सगळ्यांबरोबरच बघायची म्हणून तिने ती अजून लावलीही नव्हती.

"सगळ्यांसमोर लावूया, आजोबा!"

"नको गं. कसलं ते जुनं?"

"डोन्ट बी शाय!"

बिचारे दादासाहेब! समारंभाच्या सकाळी श्रीखंड काढायला खाली आले आणि माझं दार उघडून उभे राहिले. चेहरा पांढराफटक. "आज अब्रू जाणार रे," म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

दुपारी चाळीस माणसं बेसमेंटमध्ये जमली. मोठ्या टीव्हीवर मी दिसलो, काय रुबाबदार दिसत होतो म्हणून सांगू! टाळ्या, शिट्ट्या. रेषा जवळ आली तसे दादासाहेब उठले. "ईशिता, थांबव." व्हिडिओ थांबला. "मी दुसरा आलो नव्हतो. शेवटचा आलो. फ्रिज आपटला असता तर पहिला आलो असतो. पण घरी फ्रिज हवा होता."

उल्काताई लालबुंद झाल्या.

"अहो! चव्वेचाळीस वर्षं मी गावभर दुसरा नंबर सांगत सुटलेय! मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू हा फ्रिज वापरला असतास?"

उल्काताई हळूच म्हणाल्या, "नसता वापरला. टोरांटो घालवून आणलेला फ्रिज मला रोज टोचला असता."

त्यांनी डोळे पुसले आणि चाळीस माणसांसमोर दादासाहेबांचा हात धरला. माझ्यादेखत हे पहिल्यांदाच. "ईशिता, आता लाव गं. पळतात ते नको. खाली ठेवतात ना, तेवढंच लाव."

तेवढंच त्यांनी पाच वेळा बघितलं.

दोघं आता नंदनजवळ व्हँकुव्हरला, कॉन्डोमध्ये, म्हणजे छोट्या फ्लॅटमध्ये, राहायला जातायत. तिथे मला जागा नाही. सोमवारी जुने फ्रिज नेणारी गाडी येईल. माझी तक्रार नाही, मी अजून ठणठणीत आहे आणि माझं काम मी चोख केलंय. फक्त एक विनंती आहे, मंडळी. तुमच्या घरातही कुणीतरी तुमच्यासाठी हरलं असेल आणि गप्प बसलं असेल. त्याला आजच विचारा. तो नाही म्हणेल. पुन्हा विचारा.