बाह्यांचे कागद

टाक्यांचे सतरा प्रकार, डाग घालवायच्या युक्त्या आणि पानोपानी हसऱ्या बाया. सासूने पेटीतून काढून दिलेलं ते जुनं पुस्तक नव्या सुनेला फार आवडलं. ती मूळची शिंपीण, लग्नाला महिनाही झाला नव्हता. वेलबुट्टीच्या चित्रांवरून ती बोट फिरवत बसली. असली पुस्तकं बाईला सगळं शिकवतात. नवऱ्याला शिकवायचं पान छापायला तेवढा कागद उरत नाही!

शेवटच्या पानातून चार कागद घसरले. ब्लाउजची कागदी मापं, कोपऱ्यात पेन्सिलीने तारखा. पहिली बाही आखूड. दुसरी कोपरापर्यंत. तिसरी मनगटापर्यंत. चौथ्यावर हनुवटीला टेकेल एवढी उंच कॉलर.

तारखा सगळ्या एकाच उन्हाळ्यातल्या.

भर उन्हाळ्यात कोण बाई बाह्या लांबवत नेते? काल चहा निवला म्हणून नवऱ्याने तिचा दंड धरला होता. "चुकून जोर लागला गं," म्हणाला, आणि तिनेही ते गिळलं. आता तिने पहिला कागद दंडावर ठेवला. चार बोटांचे काळेनिळे वळ बरोबर झाकले गेले. सूतभरही बाहेर नाही.

"आई, हे माप कुणाचं?"

सासू दारातच उभी होती. "त्याच्या पहिल्या बायकोचं. मीच शिवून दिल्या बाह्या. लोक काय म्हणतील म्हणून."

"ती पळून गेली म्हणतात ना?"

"पळाली असती तर सुटली असती." सासूने पुस्तकाकडे बोट केलं. "पुस्तक उगाच नाही दिलं तुला. तोंडाने सांगायची छाती नव्हती माझी."

बाहेर फाटक करकरलं. तो सहाला यायचा. अजून चारही वाजले नव्हते.

"मागच्या दाराने नीघ. मी त्याला बोलण्यात धरते."

"आणि तुम्ही?"

"माझ्या बाह्या बघ की, शिंपीणबाई."

मनगटापर्यंत होत्या. इतके दिवस रोज समोर असून तिला दिसल्या नव्हत्या.

चारही कागद मुठीत धरून ती मागच्या गल्लीत आली. घरातून आधी त्याचा आवाज आला, मग काहीतरी आदळल्याचा. ती धावत सुटली ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. तिथे माणसं होती. त्यांच्या मधोमध उभं राहून तिने बाही खांद्यापर्यंत दुमडली.

"चला माझ्याबरोबर," ती ओरडली. "घरात अजून एक बाई आहे."