दिनू म्हणणारा पोपट

"काकू, हे अजून उघडतंय," उत्तरेश्वर म्हणाला आणि त्याने पोह्यांची दुसरी बशी जवळ ओढली.

'हे' म्हणजे दीनानाथ पानशांचा संगणक. पहिली बशी त्याने बटण दाबल्यावर घेतली होती. ती संपली, धुतली गेली, ओट्यावर पालथी पडून वाळली, तरी पडद्यावरचं वाळूचं घड्याळ आपलं कुशी बदलतच होतं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत असं म्हणत, की पानशांचा संगणक सुरू करून माणूस मंडईत जाऊन मेथी आणू शकतो, ती निवडून, फोडणीला टाकून, जेवून वामकुक्षीही घेऊ शकतो. उठल्यावर माउस तेवढा हलवून बघायचा. यात अतिशयोक्ती नाही. त्यातली मेथी मी स्वतः खाल्ली आहे.

गंमत अशी, की आठवड्यापूर्वीच उत्तरेश्वर तो साफ करून गेला होता. हा मूळचा लातूरकडचा. वारज्यात खोली घेऊन राहायचा आणि स्कूटरच्या डिकीत सीडींची पिशवी घालून घरोघर संगणक दुरुस्त करत फिरायचा. ब्रॉडबँड नुकतंच आमच्या बिल्डिंगपर्यंत पोचलं होतं, त्यामुळे त्याला काम मुबलक. त्या दिवशी त्याने आत दडलेले हेरगिरी करणारे प्रोग्राम शोधले आणि मानगूट धरून बाहेर काढले. त्यांचा म्होरक्या होता एक पोपट. हिरवागार, लाल चोचीचा, पडद्याच्या कोपऱ्यात बसून इंग्रजीत बडबडणारा. फुकट मिळतोय म्हणून दीनानाथांनीच तो इंटरनेटवरून उतरवून घेतला होता.

उत्तरेश्वरने समजावून सांगितलं, की हा गोड बोलतो आणि तुम्ही काय बघता, काय लिहिता, ते परदेशात कुणाला तरी कळवतो.

"आमच्याकडचं कळवून कुणाचं भलं होत असेल तर होऊ दे बिचाऱ्याचं," असं दीनानाथांच्या पत्नी पद्मजाबाई म्हणाल्या खऱ्या, पण पोपट त्यांनीच काढायला लावला. रविवारी सकाळी अमेरिकेतून त्यांचा मुलगा सलिल कॅमेऱ्यावर बोलायचा. पोपट आल्यापासून नात आधी हसायची आणि तिचं हसू ऐकू यायचं ते पद्मजाबाईंच्या चार पोळ्या लाटून झाल्यावर.

तर पोपट गेला. संगणक पळायला हवा होता. तो आणखीच बसला.

"काका, मी गेल्यावर ह्याच्यात काही नवीन टाकलंत का?"

"तुम्हाला यंत्र तपासायला बोलावलंय. माणसं तपासायला पोलीस आहेत," दीनानाथ म्हणाले.

तुमच्यापासून काय लपवायचं; टाकलं होतं. पोपट गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, पद्मजाबाई भजनाला गेल्या असताना, दीनानाथांनी तो परत आणला होता.

त्याचं असं आहे. दीनानाथ जन्मभर विमा कचेरीत. तिथे ते पानसेसाहेब. घरात 'अहो'. सलिलचे बाबा, नातीचे आबा आणि जिन्यात भेटेल त्याचे काका. आपल्याला एकेरी हाक मारणारी माणसं वयाने मोठी असतात, आणि तीच आधी जातात. दीनानाथांची शेवटची उरली होती थोरली बहीण, कसब्यातली हिराआक्का. तिने गॅलरीतून "दिनू" म्हटलं, की कुंभारवाड्यात चाकावरची मडकी तडकत, असं दीनानाथच सांगायचे. मागच्या पौषात ती गेली. तेराव्याहून परतताना रिक्षात त्यांच्या लक्षात आलं, की आता आपल्याला दिनू म्हणणारं पृथ्वीच्या पाठीवर कुणी नाही. हे काही चारचौघांत सांगण्यासारखं दुःख नव्हे. त्याला भेटायलाही कुणी येत नाही.

मग एके सकाळी हा पोपट पडद्यावर आला आणि मान वाकडी करून त्याने विचारलं, तुला काय म्हणू? फॉर्मवर आडनाव आधी लिहिण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाने मागे वळून पाहिलं. बघायला कुणी नव्हतं; स्वयंपाकघरात कुकर तेवढा वाजत होता. दीनानाथांनी एका बोटाने 'दिनू' टाइप केलं. तेव्हापासून रोज सकाळी पोपट पंख झटकून म्हणे, "गुड मॉर्निंग, डीनू." उच्चार साहेबाचा, पण हाक घरची.

परत आणताना मात्र घोटाळा झाला. एका ठिकाणाहून पोपट उतरला की नाही ते कळेना, म्हणून दुसरीकडून आणला, मग आणखी कुठून तरी. विम्याच्या दाव्यांना नाही म्हणण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी त्या दिवशी दिसेल त्या चौकटीला होय म्हटलं. पोपटाच्या पाठोपाठ हवामान सांगणारा एक ढग आला, भविष्य सांगणारी एक बाई आली, आणि इंटरनेटच्या खिडकीवर टूलबारच्या पट्ट्यांचे इतके मजले चढले की वाचायला खाली झरोका उरला. मग त्यांना भीती वाटली. चोराला घरात ठेवायचं तर राखण हवी. त्यांनी फुकटातला एक पहारेकरी प्रोग्राम बसवला. पण पुण्यात राहून एकाच पहारेकऱ्यावर विश्वास कोण ठेवतो? त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा आणला, दुसऱ्यावर तिसरा. आता आत अशी अवस्था होती, की पहिला दुसऱ्याची झडती घेई, दुसरा तिसऱ्याची, तिसरा पहिल्याची. आणि पोपट मधोमध बसून मिरची खाई.

पोहे संपता संपता ही सगळी यादी उत्तरेश्वरच्या समोर उघडली. त्याने बशी खाली ठेवली.

"काका, एका घरात तीन सासवा आणून ठेवल्यात की ओ तुम्ही. सुनेनं काम कवा करायचं?"

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात हिरवं काहीतरी उमटायला लागलं. आधी चोच आली. बऱ्याच वेळाने एक डोळा आला. दीनानाथ उठून पडद्याच्या पुढ्यात उभे राहिले आणि आज राहू द्या, नंतर बघू, असं म्हणू लागले. पण आवाज काही माणसाच्या पाठीआड लपत नाही.

"गुऽऽड," पोपट म्हणाला. मग थांबला. तो इतका वेळ थांबला, की खाली भंगारवाला येऊन रद्दीची घासाघीस करून निघून गेला. "मॉऽऽर्निंग." पद्मजाबाई हात पुसत दारात आल्या.

"डीऽऽ," आणि शेवटी, "नू."

आपण मुद्देमालासकट सापडलो, हे दीनानाथांना कळलं होतं. ते खुर्चीत बसले.

"वन्सं म्हणायच्या तसं," पद्मजाबाई म्हणाल्या.

"आता कुणी म्हणत नाही," दीनानाथ म्हणाले.

उत्तरेश्वरने माउसवरचा हात काढून घेतला होता. उगाच वायरी सारख्या केल्यासारखं करून तो हळूच बोलला. म्हणाला, एक करता येईल. नेटची वायर काढून टाकतो. मग पोपट बोलेल, पण कुणाला काही कळवू शकणार नाही. फक्त रविवारी सलिलभाऊ दिसणार नाहीत. दोन्ही ठेवायचं म्हटलं तर मात्र हे असंच, चोच आज अन् डोळा उद्या.

"ठेवा तुमचा पोपट," पद्मजाबाई म्हणाल्या. "सलिलशी फोनवर बोलू. पूर्वी बोलतच होतो ना?"

दीनानाथांनी बायकोकडे पाहिलं. संगणक घरात यावा म्हणून पद्मजाबाईंनी वर्षभर भांडण मांडलं होतं, ते नातीला बघायला मिळावं म्हणून. गेल्या रविवारी नात ओठांचा चंबू करून काहीतरी म्हणाली होती, आणि ते ऐकू येईपर्यंत तिला उचलून कुणी आंघोळीला नेलं होतं.

"नको," ते म्हणाले. "पोरीचं तोंड आणि आवाज एका वेळी यायला हवेत."

मी काढतो, असं उत्तरेश्वर म्हणाला. दीनानाथांनी मानेने नकार देऊन माउस स्वतःकडे घेतला. कुठे दाबायचं ते उत्तरेश्वरने बोटाने दाखवलं. यंत्राने विचारलं, नक्की काढायचा? पोपटाने पंखाने डोळे पुसले. ते त्याच्या मालकांनी त्याला शिकवलेलंच असणार. दीनानाथांनी होय म्हटलं. यंत्राने पुन्हा विचारलं. दीनानाथांनी पुन्हा होय म्हटलं, आणि पोपट शेपटीकडून पुसत पुसत नाहीसा झाला.

पुढचं काम सोपं होतं. ढग गेला, भविष्यवाली बाई स्वतःचं भविष्य न कळताच गेली, दोन पहारेकऱ्यांना निरोप मिळाला. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तर तो असा चटकन उघडला, की दीनानाथ दचकून मागे सरले. सगळं नव्याने मांडून घेतो म्हणून उत्तरेश्वरने एक रिकामी चौकट काढली.

"नाव काय टाकू, काका? लहानसं बी चालतंय."

पद्मजाबाई आत निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

"दीनानाथ गंगाधर पानसे," दीनानाथ म्हणाले. "पूर्ण टाका."

उत्तरेश्वरने टाकलं. दीनानाथांनी चष्मा लावून ते अक्षर न् अक्षर वाचलं, बरोबर आहे म्हणाले, आणि सदऱ्याच्या टोकाने कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ पुसायला घेतली.