वेरूळचा उजेड

सावनीचं लग्न होतं त्या आठवड्यात, २०१९ साली, वेरूळच्या आभाळात उजेड दिसला. तिचे आजोबा अनंतराव तीस वर्षं असले उजेड वहीत टिपत आले होते. प्रत्येक साक्षीदाराला ते एकट्याला बसवून विचारत. लग्नामुळं पोचायला चार दिवस लागले, आणि तोवर कुणीतरी ब्लॉगवर सगळं लिहूनही टाकलं होतं, उजेडात तीन खिडक्या दिसल्या म्हणून. चौघा साक्षीदारांनी त्याच तीन खिडक्या सांगितल्या.

शेवटी चतुराबाई उरल्या.

"तुम्ही स्वतः काय पाहिलं?"

"मोबाईलवर वाचलं नाय व्हय साहेब? सुनेनं वाचून दाखवलं, तेच की."

"त्याच्या आधी?"

चतुराबाईंनी डोळे मिटले. "लई आठवून पाहते, पण आता खिडक्याच दिसतात बघा."

अनंतरावांनी काही न लिहिता वही मिटली. नंतर उजेड टिपायला ते कुठंच गेले नाहीत. २०२२च्या मार्चमध्ये अनंतराव वारले.