भिंगरीच्या दाराची कडी

या, जवळ सरका. देवाचं नाव घ्या आणि ऐका. कथा लहान मुलीची आहे, म्हणून लहान समजू नका.

तिला घरी भिंगरी म्हणत. घरातल्याच एका मोठ्या माणसाने तिच्यावर अत्याचार केला आणि भिंगरी फिरायची थांबली. मावशीने तिला आपल्याकडे आणलं, दर आठवड्याला तासभर समुपदेशक ताईंकडे नेऊ लागली. ताईंच्या खोलीचा नियम एकच: दाराची कडी मुलाच्या हाती. कोण आत, कोण बाहेर, ते मूल ठरवणार.

उपचारांचा उपयोग होतो का, हे तपासायला वरून साहेब येत. पहिल्या खेपेला ते न विचारताच आत शिरले. भिंगरीला म्हणाले, "बस." बसली. "हस बघू." हसली. साहेब खूश! शेरा पडला: 'सहकार्य उत्तम. मुलगी सुधारली आहे. पुढच्या खेपेलाही असंच दिसल्यास तास बंद करावा.'

"किती शहाणी पोर!" साहेब म्हणाले.

"तेव्हाही अशीच शहाणी होती, साहेब," मावशी म्हणाली. "म्हणून तर कुणाला कळलं नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

मावशीचा जीव टांगणीला लागला. तास गेला तर पोर पुन्हा मिटून जाणार. "ताई, साहेबांपुढे जरा रड म्हणून सांगू का तिला?"

"अजिबात नाही हं! सांगितलेलं मुकाट करायचं, हीच तर सवय सोडवतेय मी."

पुढच्या खेपेला साहेब पुन्हा तसेच घुसले. भिंगरी उठली. आवाज खणखणीत.

"मी बोलावलं नाही तुम्हाला. बाहेर जा."

"अगं बाळ, मी तर..."

"नको म्हटलं ना!"

साहेब बाहेर, आणि आतून कडी.

"बिघडवलीत की हो पोरगी!" साहेब ताईंवर उखडले. मावशी तोंडावर हात ठेवून उभी होती. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच ठाऊक.

शेरा पडला: 'सहकार्य शून्य. उपचार कुचकामी. मुलगी खालावली आहे, सबब तास पुढे चालू ठेवावा.'

ताईंनी 'कुचकामी'चा तो शेरा दोन्ही हातांनी घेतला. देवाला काम करून घ्यायचं असलं की तो कुणाच्याही हातून घेतो, अगदी साहेबांच्यासुद्धा.

तेव्हा बाबांनो, एखादं लेकरू तुम्हाला "नको" म्हणालं, तर डोळे वटारण्याआधी एकदा आमच्या भिंगरीला आठवा.