दाराशी ठेवलेली पेटी

मी लशींची पेटी बोलतेय. निळ्या अंगाची, पांढऱ्या झाकणाची, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेली. आवाज जरा दमलेला वाटेल, पण दमलेच आहे हो मी, त्याला काय करणार!

माझा जन्म कुठल्याशा परक्या कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते सगळं नारिनच्या डोंगरातलं. गावच्या दवाखान्यातल्या परिचारिका तुर्सुनाई यांच्या खांद्यावर माझं आयुष्य गेलं. उन्हाळ्यात पोटात बर्फाच्या लाद्या ठेवून लस गार राखायची आणि हिवाळ्यात तीच लस गोठू नये म्हणून बाहेरच्या थंडीशी भांडायचं. कधी घोड्यावर, कधी दूधवाल्याच्या गाडीत, कधी पायी. लोक मला बघून पोरांना घरात बोलवायचे. आधी टोचून घ्यायला बोलवायचे, पुढेपुढे लपवायला.

हे लपवणं कधी सुरू झालं, नक्की सांगता यायचं नाही. रशियात मजुरीला गेलेली पोरं फोनवर काहीबाही पाठवायला लागली. लशीत डुकराची चरबी असते, लशीने मुली वांझ होतात, असलं. तुर्सुनाई घरोघरी समजावत फिरायच्या. एका घरात समजावून बाहेर पडेपर्यंत दुसऱ्या घराचं दार बंद झालेलं असायचं. त्यांचा घसा बसायचा आणि माझा बर्फ वितळायचा. दोघी रिकाम्या हाताने परत यायचो.

मग एका वसंतात पलीकडच्या खोऱ्यात गोवर आला. तुर्सुनाईंनी राजधानीत फोन लावला आणि बिश्केकहून डॉक्टर बेर्मेत आल्या. लशींवर संशोधन करणाऱ्या, हुशार, तरतरीत बाई. पण चेहऱ्यावर सदा वैताग. जीपमध्ये मी दोघींच्या मधे होते, त्यामुळे त्यांचा वाद माझ्या डोक्यावरूनच झाला.

बेर्मेत म्हणाल्या, की अशा लोकांशी बोलण्यात अर्थ नसतो. त्यांना टीव्हीवर वादाला बोलावलं होतं, त्या गेल्या नाहीत. खोटं बोलणाऱ्याला शेजारी खुर्ची दिली, की बघणाऱ्याला दोघे सारखेच वाटतात.

"टीव्हीवर नका जाऊ, डॉक्टरबाई," तुर्सुनाई म्हणाल्या. "पण हे लोक खोटारडे नाहीत. घाबरलेत. घाबरलेल्या माणसाच्या घरी जाऊन बसायला काय हरकत आहे?"

बेर्मेत यांनी काचेबाहेर बघत म्हटलं, "बसू. पण एकाच घरी. सगळं गाव ज्याचं ऐकतं त्याच्या."

तो माणूस म्हणजे असनालीबाबा. पांढरी दाढी, डोक्यावर उंच टोपी, मेंढ्यांचा मोठा कळप. परवाच्या दिवशी त्यांचं घर कळपासकट वरच्या उन्हाळी कुरणावर हलायचं होतं. एकदा वर गेले, की थंडी पडेपर्यंत कुणी खाली येत नाही आणि वर तर माझ्यासारखीचा पाय लागणंच कठीण. घरात वर्षाची नात होती, आयपेरी. नुकतीच पावलं टाकायला लागलेली. तिला लस टोचायची, तर आजच. म्हणून तर मी लशींनी भरून आले होते.

आमच्याकडे पाहुणा म्हणजे देव. राजधानीतला पाहुणा म्हणजे तर विचारूच नका. असनालीबाबांनी मेंढी कापली. बेर्मेत यांना दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या जागेवर बसवलं, आणि पाहुणीच्या सोबतीची म्हणून तुर्सुनाईंनाही तिथेच ओढलं. एरवी तुर्सुनाई एकट्या यायच्या तेव्हा चुलीपाशीच टेकायच्या, बायकांत. त्या दिवशी मान मिळाला आणि तिथेच सगळं बिघडलं. पण हे मला तरी तेव्हा कुठे कळलं!

मला ठेवलं दाराशी, सामोवारच्या, म्हणजे चहाच्या बंबाच्या बाजूला. तिथे सून बसली होती, जिबेक. नवरा रशियात. पोर मागच्या खोलीत झोपलेली. आमच्याकडे चहाचा पियाला कधी भरून देत नाहीत, भरून दिला म्हणजे 'प्या आणि निघा'. थोडा थोडा द्यायचा, पुन्हा पुन्हा द्यायचा. त्यामुळे सुनेला मान वर करायला सवड नसते. आणि सासऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नसतंच.

गप्पा मात्र रंगल्या. असनालीबाबा म्हणाले, "पोरी, आमच्या लहानपणी शाळेत रांगेत उभं करून टोचायचे. कुणी विचारलं नाही. आता तुम्ही विचारताय, तर मीही चार गोष्टी विचारणार."

आणि विचारल्या की! चरबीचं विचारलं, कंपन्यांच्या फायद्याचं विचारलं, भाच्याने फोनवर पाठवलेलं सगळं विचारलं. बेर्मेत आधी तुटक बोलल्या, मग त्यांनाही चव आली. माहीत होतं ते नीट सांगितलं, माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाल्या. एवढी मोठी बाई 'माहीत नाही' म्हणते, याचं म्हाताऱ्याला भारी कौतुक वाटलं. दोघं हसत होते, एकमेकांना टोमणे मारत होते. इतक्या वर्षांत असं बोलणं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, चला, आज काम होणार.

मधे एकदा जिबेकने माझ्या झाकणावर हात ठेवला. ओला, गरम हात. थोडा वेळ तिथेच राहिला. तिने वर बघितलं, पार त्या टोकाला बसलेल्या डॉक्टरांकडे. तेवढ्यात कुणीतरी पियाला पुढे केला आणि हात निघून गेला. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

ऊन कलल्यावर असनालीबाबा म्हणाले, "तू प्रामाणिक आहेस, पोरी. मी विचार करीन. कुरणावरून खाली आलो की बघू." सगळ्यांनी दुवा मागून तोंडावरून हात फिरवले. पाहुण्याने यजमानाला जास्त रेटायचं नसतं, म्हणून आम्ही उठलो.

जीपमध्ये बेर्मेत खुशीत होत्या. म्हणाल्या, "ताई, तुमचं खरं होतं. बोलायलाच हवं." माझ्या पोटातल्या लशी जशाच्या तशा परत चालल्या होत्या.

उन्हाळ्यात गोवर कुरणावर चढला. गुरं एकत्र चरतात, पोरं एकत्र खेळतात, त्याला कोण अडवणार? आयपेरीला छातीत कफ झाला. घोड्यावरून खाली आणताना वाटेतच ती गेली.

शरदात आम्ही तिघी, बेर्मेतसुद्धा, पुन्हा त्या घरी गेलो, दुखवट्याला. असनालीबाबा एकदम वाळले होते. निघताना जिबेकने मला उचललं आणि जीपपर्यंत आणून दिलं. सासरे आत होते. अंगणात फक्त आम्हीच.

"तुम्ही वसंतात आलात, त्याच्या आदल्या रात्रीच मामंजी मला म्हणाले होते, पोर तुझी आहे, तू ठरव," ती म्हणाली. "ते तुमच्याशी त्यांच्या हौसेने बोलत होते. मला त्यातलं काहीच विचारायचं नव्हतं."

बेर्मेत यांनी हळूच विचारलं, "मग काय विचारायचं होतं?"

"आयपेरीला सर्दी झाली होती. सर्दीत लस टोचलेली चालते का, एवढंच."

बेर्मेत यांना काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती. तुर्सुनाईंनी तर मान खाली घातली होती. पण बेर्मेत यांनी खरं तेच सांगितलं.

"चालते."

जिबेकने माझा पट्टा त्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेली.

आता माझी कडी तुटलीय, झाकण नीट बसत नाही. दवाखान्याच्या खिडकीत पडून असते. तुर्सुनाई माझ्यात कापूस ठेवतात. नवी पेटी आलीय, तिला तापमान दाखवणारा काटा आहे. आहे बिचारी धडधाकट, लागेल कामाला.

लोक अजून इथे वाद घालतात, शंका घेणाऱ्यांशी शहाण्यांनी बोलावं की बोलू नये. दोन्हीकडचं मी इतकं ऐकलंय, की कंटाळा आलाय. बोला बाबांनो, जरूर बोला. फक्त जो मोठ्याने बोलतो त्याच्यापाशीच सगळा दिवस घालवू नका. घरात आणखी कोण आहे ते बघा आणि जरा तिच्यापाशीही जाऊन बसा. म्हाताऱ्या पेटीचं एवढं ऐका.

बेर्मेत दर वसंतात येतात. मानाची जागा नाकारून दाराशी बसतात. यजमानांना ते अपमानासारखं वाटतं, कुरबुर होते, पण बसतात.

यंदा जिबेक स्वतःच दवाखान्यात आली. कडेवर मुलगा होता, आयपेरीनंतर झालेला, वर्षाचा. तिने त्याची बाही वर केली, त्याला बेर्मेत यांच्यासमोर धरलं. टोचून झालं, पोरगं रडलं, गप्प झालं. बेर्मेत यांनी तिला खुर्ची दिली, स्वतः समोर बसल्या आणि म्हणाल्या, "जिबेक, मला सवड आहे. तुला काही विचारायचं असेल तर विचार."

जिबेकने पोराची बाही खाली केली.

"आता काही नाही, डॉक्टरबाई," ती म्हणाली.