वार सांगणारी देवी

निपाणीच्या माळावरचा मांडव गर्दीनं नुसता फुटायला आला होता. मधोमध पाटावर नऊ वर्षांची श्रिया. कपाळभर राख, गळ्यात झेंडूचे हार. कानांवर हात गच्च दाबून ती पुढंमागं झुलत होती. शेजारी हलगी कडाडत होती.

"जन्मतारीख बोला!" निरंजनमहाराज माइकवर गरजले.

तंबाखूचे व्यापारी मारुतीराव हात जोडून म्हणाले, "बारा ऑगस्ट एकोणीसशे एकोणऐंशी."

"रविवार," श्रिया म्हणाली.

"रविवारच! आई सांगायची!" म्हणत मारुतीरावांनी लोटांगण घातलं.

"देवीला सगळं दिसतं! माझ्या विभूतीनं जागी झालीय ती. येत्या अमावास्येला पोरगी कायमची माझ्या मठात येणार!" महाराज म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रियाच्या आईनं, दिपालीनं, मात्र टाळी वाजवली नाही. बिड्या वळून तिनं ही पोर वाढवली होती. हाकेला ओ देत नाही, कुकरच्या शिटीला किंचाळते, म्हणून गल्ली कालपर्यंत श्रियाला 'येडी' म्हणायची. आज तीच गल्ली पाया पडत होती. दिपालीलाही आधी वाटलं, पांग फिटले. पण मठात? कायमची?

तेवढ्यात हलगी आणखी जोरात कडाडली आणि श्रिया जिवाच्या आकांतानं ओरडली.

"सैतान आडवा आला! धुरी द्या!" महाराज म्हणाले.

"आधी ती हलगी बंद करा," असं म्हणत गर्दीतून एक बाई पाटाशी आली. श्रियाच्या शाळेतल्या माधवीबाई. त्यांनी हलगीवाल्याचा हातच धरला. हलगी थांबली, तशी पोर शांत झाली. तिनं कानांवरचे हात काढले. सैतानाला बहुधा आवाजाचाच त्रास होता!

बाईंनी मूठ पुढं केली. "श्रिया, ह्यात काय हाय?"

"मूठ झाकलीय. मला दिसत न्हाय."

"मग वार कसा दिसतो?"

"दिसत न्हाय. मोजते. सातानं भागायचं, उरतं त्याचा वार. लीपचे दिवस मधी धरायचे."

"देवी सांगत न्हाय?"

"न्हाय. मीच सांगते. राख डोळ्यात गेलीय."

मांडवात कुजबुज झाली. महाराज खेकसले, "विभूती लागल्याशिवाय हिला काय येतं?"

दिपाली उठली. ती मोठ्यानं म्हणाली, "महाराज, तुमी पयल्यांदा घरी आलता, तवा राख लावायच्या आधीच तिनं तुमच्या जन्माचा वार सांगितलता. मंगळवार. मग तुमी पिशवीतनं राख काढली. व्हय का न्हाय?"

महाराज राखेची पिशवी आवरू लागले. मागच्या पोरी फिदीफिदी हसल्या. दिपालीनं हार तोडून टाकले, पदरानं लेकीचे डोळे पुसले आणि तिला घेऊन थेट घर गाठलं. मारुतीराव तेवढे "तरी पण देवीच..." पुटपुटत राहिले.

पुढं माधवीबाईंनी दोघींना बेळगावच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, ही स्वमग्नता, ऑटिझम. अशा प्रत्येक पोराला गणित येतंच असं नाही, हिला येतं. पण गणित येतं म्हणून गोंगाटाचा त्रास खोटा ठरत नाही, आणि गोंगाट सोसत नाही म्हणून ही मंदही ठरत नाही. वर्गात हिला शांत कोपरा द्या, आणि वरच्या इयत्तेचं गणितही.

लोकहो, एवढंच तर होतं! पोर वेगळं दिसलं की आपण एकतर त्याला दगड मारतो, नाहीतर त्याला शेंदूर फासतो. दोन्हीत त्याच्याशी बोलायचं तेवढं राहून जातं. त्यालाच विचारा, कसं जमतं रे तुला? आणि ते सांगेल ते ऐका.