मंत्रावर चालणारी जीप आणि सत्यवतीच्या कळा

“पेट्रोल ही कलियुगातली सगळ्यात मोठी अंधश्रद्धा आहे!” जीपच्या बॉनेटवर उभं राहून इंजनबाबांनी गर्जना केली, आणि खडाव घसरून ते भाताच्या तणसाच्या ढिगात बसते झाले. लोकांनी ढिगालाही हात जोडले.

आंबागडजवळच्या त्या गावात सायकल आणि बैलगाडीपलीकडे वाहन नव्हतं. तरी त्या वर्षी पेट्रोल महागलं, त्याची काळजी सगळ्यांना होती. बाबांनी सर्वांदेखत टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं, टाकीत चिमूटभर अंगारा टाकला, स्टीअरिंगमागं बसून डोळे मिटले. जीप कुरकुरत चार पावलं सरकली. बाया ओवाळायला धावल्या.

“ही मंत्रावर दिल्लीले जाते, बच्चा!”

इथंच बाबा फसले. तुलारामची बायको सत्यवती पहाटेपासून कळा देत होती. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे. बैलगाडी जुंपून तयार होती. सरपंच नंदलाल म्हणाले, “दिल्ली राहू द्या जी. गावच्या सुनेले तुमसरच्या दवाखान्यात सोडा.”

देवाच्या गाडीपुढं बैल चालणं बरं दिसत नाही, म्हणून बैल सोडून दिले. ते रानात गेले.

सत्यवतीला मागच्या सीटवर कोंबलं. एका बाजूला सासू गिरजाबाई, दुसऱ्या बाजूला नारळांचं पोतं, आणि भोवती मडगार्डाला हात लावायला झटणारं अख्खं गाव. उतरायलाही वाट नव्हती. जीप दहा पावलं जाई आणि थांबे.

“मंत्र तापते,” बाबा सांगत.

“आत्याबाई, ही गाडी चालून नाही राहिली. हे तं...” सत्यवती सासूला सांगू लागली.

“चूप! देवाच्या गाडीत जीभ नोको चालवू.”

कळ आली. सत्यवतीनं पदर चावला.

गावापासून हाकेच्या अंतरावर तलावाची पाळ, त्या मातीच्या बांधावरूनच वाट. तिच्या मधोमध जीप ‘टक्’ म्हणाली आणि मुकी झाली.

“विटाळ झाला!” बाबा ओरडले. “गाडीत कोण बसलं आहे?”

सगळे डोळे सत्यवतीकडे वळले. तुलारामचे खाली. तिनं पदर सोडला.

“विटाळ नाही, बॅटरी बसली! नाकाडोंगरीले माझा भाऊ खाणीचा ट्रक चालवते. रेल्वेच्या फाटकात ट्रक बंद पडला तं गिअर टाकून स्टार्टर मारते. बॅटरीच्या जोरावर ट्रक सरकते, इंजीन सुरूच होत नाही. थोडीशी वाट, मंग बॅटरी खलास! पेट्रोल कायले लागन? बाबाच्या पायाखालचं बटन पाहा. अन् मागून धूर निघालेला कोणाले दिसला?”

नंदलालांनी वाकून सायलेन्सरला हात लावला. विझल्या चुलीसारखा गार.

“चमत्काराले नमस्कार मागून करा, बाप्पा,” सत्यवती धापा टाकत म्हणाली. “पयले इचारा, हे कायनं चालते? इचारलं असतं तं माझे बैल अर्ध्या वाटेवर असते.”

गिरजाबाईंनी सुनेला हात देऊन जीपमधून उतरवलं. त्यांनी बाज मागवली. तुलारामनं बाजेची पुढची बाजू खांद्यावर घेतली, सडकेवर एस.टी. धरायची होती. दवाखान्यात संध्याकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण ते नंतर. आत्ता बाज जेमतेम उचलली होती, तोच मागून बाबा धावत आले, काहीतरी जड छातीशी कवटाळून.

“भाऊ, तुमसरलेच चालले ना? एवढी बॅटरी बाईच्या पायापाशी ठेवता का? चार्ज करायची होती.”